दारात अडकलेलं काळीज

हा प्रसंग घडला तेव्हा मी तिथे नव्हते. पुतण्याने मला तो सांगितला, तोही बऱ्याच वर्षांनी.

वडील गेल्यावर भावाने आईला कॅलिफोर्नियाला नेलं. तिकडे गेल्यापासून आईचं एकच चालू होतं. जीव रमत नाही, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं व्यवस्थित. मग एका तपासणीच्या वेळी नर्सने नऊ प्रश्नांचा एक कागद पुढे केला. भाऊ गाडी लावायला गेला होता. दवाखान्यात मराठी येणारं कुणी नव्हतं, म्हणून नर्सने दहा वर्षांच्या पोरालाच सांगितलं, तूच विचार आजीला. झोप लागते का, भूक लागते का, कशात मन लागतं का, असं करत पोरगा शेवटच्या प्रश्नापाशी आला.

"आजी, गेल्या दोन आठवड्यांत तुला मरून जावंसं वाटलं का, असं विचारतायत."

"काहीतरीच काय विचारतोस! तुझं लग्न बघायचंय मला."

कागदावर शून्य पडलं. आजी ठणठणीत आहेत, थोडं चालायला न्या, असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. आता कॉलेजात असलेला माझा पुतण्या म्हणाला, "आत्या, आजी खरं सांगत नाहीये हे मला तेव्हाच कळलं होतं. पण त्याचं इंग्रजी काय करायचं, ते मला येत नव्हतं."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. मन उघडं करायचं तर ते कुठल्या भाषेत, आणि कुणासमोर? शोधायला लागले तेव्हा लक्षात आलं की अमेरिकेत याच प्रश्नाशी एक समाज गेली पन्नास वर्षं नेटाने झुंजतोय. तो आपला नाही, चिनी आहे. मँडारिन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काम करणारे समुपदेशक आज तिथे मोठ्या शहरांतून दिसतात. ते आपोआप उगवलेले नाहीत. त्यांच्यामागे संशोधन आहे, चळवळ आहे आणि फार दुखरा इतिहास आहे.

सुरुवात सिअ‍ॅटलपासून करते. १९७०च्या दशकात स्टॅनली सू नावाचा तरुण चिनी-अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तिथे काम करत होता. सरकारने वस्त्यावस्त्यांतून मानसिक आरोग्य केंद्रं उघडली होती, आणि आशियाई लोक तिकडे फारसे फिरकत नव्हते. त्यांना मानसिक त्रास कमीच होतो, कुटुंब सांभाळून घेतं, असा सोयीचा समज रूढ होता. सू यांनी त्या भागातल्या १७ केंद्रांमधल्या सुमारे १४,००० लोकांच्या नोंदी तपासल्या आणि १९७७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आशियाई लोकांपैकी ५२ टक्के लोक पहिल्या बैठकीनंतर पुन्हा आलेच नव्हते. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण ३० टक्के होतं.

या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत बसले. हे न आलेले लोक नव्हेत, आलेले आहेत. घरच्यांच्या नकळत किंवा त्यांच्याशी वाद घालून, लाज गिळून, दोन बस बदलून ते एकदा त्या खोलीत जाऊन बसले. तासभरात त्यांना कळलं की इथे आपलं काम होणार नाही, आणि ते उठून गेले. दोष येणाऱ्यात नव्हता, खोलीत होता.

त्याच सुमारास लोकांनी आपापल्या संस्था उभ्या करायला घेतल्या होत्या. सिअ‍ॅटलमध्ये १९७३ साली आशियाई समुपदेशन केंद्र सुरू झालं, सॅन फ्रान्सिस्कोच्या रिचमंड भागात १९७४ साली. १९९१ साली सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परगण्यातल्या नोंदी अभ्यासल्या. ज्या आशियाई लोकांची पहिली भाषा इंग्रजी नव्हती, त्यांना आपल्या भाषेचा आणि आपल्या समाजाचा समुपदेशक मिळाला तर ते टिकत होते आणि त्यांना गुणही येत होता. दहा जणांना विचारलं तर दहाही जण सांगतील अशी ही गोष्ट. पण सरकारी तिजोरीतून पैसे मिळवायचे तर आकडा लागतो, आणि तो आकडा या मंडळींनी मिळवून दिला.

आता भाषेकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

मँडारिनमध्ये 'शिन' म्हणजे हृदय. आणि 'शिन' म्हणजेच मन. छातीत धडधडणारं एक आणि डोक्यात विचार करणारं दुसरं, अशी वाटणी त्या भाषेने केलेलीच नाही. आनंद होणं म्हणजे 'खाय-शिन', हृदय उघडणं. दुःख होणं म्हणजे 'शांग-शिन', हृदयाला जखम होणं. काळजी करणं म्हणजे 'दान-शिन', हृदयाचं ओझं खांद्यावर वाहणं. काळजी मिटली की 'फांग-शिन', हृदय खाली ठेवणं. आपला जीव भांड्यात पडतो, त्यांचं हृदय खाली टेकतं. आणि 'शिन-थंग', शब्दशः हृदय दुखणं. हे आई लेकराबद्दल म्हणते. पोर रात्री जागून अभ्यास करतंय, परगावी एकटं खातंय, म्हणून तिचं हृदय दुखतं. मराठीत आपण याला जीव तुटणं म्हणतो. इंग्रजीत याचं काय करणार? 'माझ्या छातीत दुखतं' असं भाषांतर झालं की पुढे ईसीजीच निघणार.

एक शब्द मला फारच जवळचा वाटला. छातीवर दडपण येणं, घुसमटणं, आतल्या आत कोंडणं या सगळ्याला त्यांच्याकडे एक अक्षर आहे. ते लिहिताना आधी दाराची चौकट काढतात, दोन बाजू आणि वरची पट्टी. मग त्या चौकटीच्या आत हृदयाचं चिन्ह बसवतात. दारात अडकलेलं काळीज. त्याचा उच्चार आपल्या 'मन' या शब्दाच्या अगदी जवळचा आहे, सूर तेवढा वेगळा. 'दार' या अर्थाच्या चिनी शब्दाचा उच्चारही तसाच. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कुठला भाषिक सिद्धांत काढायचा नाही. पण आईचा छातीवरचा धोंडा आणि ही दारातली कोंडी एकच आहे, हे कळायला मला शब्दकोशाची गरज लागली नाही.

मँडारिन येणारा समुपदेशक समोर असेल आणि आजीबाई म्हणाल्या की छातीत कोंडल्यासारखं होतं, तर त्याला हृदयरोग आणि दुःख या दोन्ही शक्यता एकाच वेळी दिसतात. अमेरिकेत नैराश्य मोजायला १९७७ पासून वापरात असलेल्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत वीस विधानं आहेत, आणि त्यांतल्या एकात उदासीसाठी चक्क निळ्या रंगाचा शब्द येतो. इंग्रजीत निळा म्हणजे उदास. ज्याला हे ठाऊक नाही, त्याने या विधानापुढे कुठल्या चौकटीत खूण करायची?

हा शरीर आणि मन यांचा गुंता सर्वांत खोलात जाऊन ज्याने पाहिला तो माणूस चिनी नव्हता. आर्थर क्लाइनमन हे हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. चिनी भाषा शिकलेले, तैवानमध्ये वैद्य आणि देवऋषी यांच्याकडे बसून अभ्यास केलेले. १९८० साली ते पत्नी जोन यांच्यासह हुनान प्रांतातल्या चांगशा शहरी गेले. १९६६ ते १९७६च्या सांस्कृतिक क्रांतीची राख अजून गरम होती. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज माणसं यायची. डोकं दुखतं, झोप नाही, चक्कर येते, अंगात त्राण नाही. चिठ्ठीवर निदान पडायचं, 'शन-चिंग श्वाय-र्वो'.

याचं मराठी मला करावं लागत नाही. ते आपल्याकडे आधीपासून आहे: नसांची कमजोरी! एसटी स्टँडच्या मुतारीपासून गावच्या भिंतींपर्यंत ज्याच्या जाहिराती रंगवलेल्या असतात ते दुखणं. मुळात ही कल्पना १८६९ साली जॉर्ज बिअर्ड या अमेरिकन डॉक्टरने प्रचारात आणली आणि जपानच्या वाटेने ती चीनमध्ये पोचली. गंमत अशी की क्लाइनमन चांगशाला होते त्याच १९८० साली अमेरिकेने आपल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीतून ती काढून टाकली.

क्लाइनमन यांनी नसांच्या कमजोरीचं निदान झालेल्या १०० जणांशी सविस्तर बोलून तपासणी केली. अमेरिकन निकष लावले तर त्यांतल्या ८७ जणांना तीव्र नैराश्य होतं. त्यांना नैराश्याची औषधं दिली. बऱ्याच जणांची लक्षणं कमी झाली. गोष्ट इथे संपली असती तर 'अडाणी रुग्ण आणि शहाणा डॉक्टर' अशी झाली असती. पण लक्षणं कमी होऊनही अनेकांना आपण बरे झालो असं वाटत नव्हतं. बायकोची बदली दूर झालेली, नवऱ्याचं कामाच्या ठिकाणी वरिष्ठांशी जमत नाही, मुलाला कॉलेज हुकलेलं. हे सुटल्याशिवाय डोकं दुखायचं थांबणार नव्हतं. आणि उघड सांगायची सोय नव्हती, कारण त्या काळात मन आजारी असणं म्हणजे राजकीय विचारात खोट असणं. डोकं दुखतं म्हटलं तर रजा मिळते, औषध मिळतं, कुणी बोट दाखवत नाही. शरीराची तक्रार ही त्या माणसांनी निवडलेली सुरक्षित भाषा होती. तिला खोटं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

क्लाइनमन यांनी त्याच काळात डॉक्टरांसाठी काही साधे प्रश्न सुचवले. तुमच्या या त्रासाला तुम्ही काय म्हणता? तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं? तेव्हाच का सुरू झाला? त्यातली सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? डॉक्टरने रुग्णाला विचारावं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं, एवढीच अपेक्षा. अशा प्रश्नांना अमेरिकेच्या अधिकृत निदानग्रंथात रीतसर मुलाखतीचं रूप मिळायला २०१३ साल उजाडलं. त्या मुलाखतीत १६ प्रश्न आहेत.

आता मौनाबद्दल. घरातली लाज बाहेर पसरवू नये, अशा अर्थाची एक म्हण चिनी घराघरांत ऐकू येते. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची. चिनी माणूस बोलत नाही, तो त्याच्या संस्कृतीचा भाग आहे, असं अमेरिकन पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. मला हे अर्धंच खरं वाटतं, आणि त्याचं कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एका बेटावर आहे.

एंजल आयलंडला फेरीबोटीने जाता येतं. १९१० ते १९४० या काळात तिथे स्थलांतरितांचं ठाणं होतं. १८८२च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलेलं होतं. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आग लागली, तीत जन्मनोंदींची दप्तरं जळाली. मग अनेक चिनी माणसांनी दावा केला की आमचा जन्म इथलाच, आम्ही नागरिक आहोत, आणि गावी आम्हाला मुलगे आहेत. त्या कागदावरच्या मुलांच्या जागा विकल्या जाऊ लागल्या. परक्याचं आडनाव घेऊन येणाऱ्या या तरुणांना 'कागदी मुलगे' म्हणत. बेटावर त्यांची उलटतपासणी व्हायची. तुमच्या घराला पायऱ्या किती? तुमच्या रांगेत तिसऱ्या घरात कोण राहतं? तांदळाचा हारा कुठे ठेवलेला असतो? उत्तरं पाठ करायला वह्या असत, आणि किनारा दिसला की त्या वह्या समुद्रात फेकून देत. उत्तर चुकलं तर परत पाठवणी. आठवडे, महिने वाट बघत थांबलेल्या माणसांनी तिथल्या बराकींच्या लाकडी भिंतींवर कविता कोरून ठेवल्या आहेत. त्या अजून दिसतात.

१८८२चा तो कायदा १९४३ साली रद्द झाला. पण १९५६ साली सरकारने 'कबुली द्या' अशी मोहीम काढली. एकाने खरं सांगितलं की त्याच्या कागदावरचं सगळं कुटुंब उघडं पडायचं. अशा घरात वाढलेल्या पोरांना काय शिकवलं गेलं असेल? खरं आडनाव सांगू नकोस. बाबा कुठून आले ते सांगू नकोस. सरकारी माणसाने वही-पेन काढलं की तोंड बंद. काही कुटुंबांच्या थडग्यांवर आजही इंग्रजीत एक आडनाव आणि चिनी अक्षरांत दुसरं दिसतं. आयुष्यभर लपवलेलं नाव मेल्यावर तेवढं दगडावर आलं.

आणि चीनच्या मुख्य भूमीवरून नंतर आलेल्यांची कथा निराळी असली तरी धडा तोच. सांस्कृतिक क्रांतीच्या त्या दहा वर्षांत तिथे स्वतःची डायरीसुद्धा पुरावा ठरत होती, मुलं आईबापांविरुद्ध उभी केली जात होती. ज्याने ते पाहिलं, त्याच्यासमोर अनोळखी माणूस कागद घेऊन बसला आणि म्हणाला, 'मोकळेपणाने बोला, सगळं गुप्त राहील,' तर तो का बोलेल? बोलू नये हे त्याला कायद्याने, पोलिसाने आणि शेजाऱ्याने शिकवलं. जाणता समुपदेशक म्हणूनच पहिल्या दिवशी 'आतलं सांगा' असा आग्रह धरत नाही. तो आधी सांगतो की या वहीत मी काय लिहितो, ती कोण पाहू शकतं आणि कोण पाहू शकत नाही.

प्रत्यक्ष बैठक कशी असते? खऱ्या माणसांची बैठक सांगणं योग्य नाही, म्हणून एक कल्पून सांगते. अशी घरं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या परिसरात गल्लोगल्ली आहेत. आई, पंधरा वर्षांची मुलगी आणि मुलीला सांभाळायला आलेली आजी. मुलीला झोप नाही, पोट दुखतं, शाळेत मार्क घसरलेत. समुपदेशिका पस्तिशीची, वुहान किंवा तैपेईहून शिकायला आलेली.

पहिला प्रश्न ती त्रासाबद्दल विचारत नाही. आजींना कोमट पाणी देते, लांबून आलात, दमला असाल, असं म्हणते. मँडारिनमध्ये 'तू'साठी 'नी' आहे आणि आदराने बोलायचं तर 'नीन'. लिहिताना 'नी'च्या खाली हृदयाचं चिन्ह ठेवलं की 'नीन' होतं. आपल्या अहो-जाहोसारखंच. इंग्रजीत तिघींनाही एकच शब्द, आणि अमेरिकन शिरस्त्याप्रमाणे समुपदेशकाला पहिल्या नावाने हाक मारायची. आजींना ते जड जातं. त्या तिला 'लाव-श' म्हणतात, म्हणजे बाई, शिक्षिका. ती तो मान नाकारत नाही. स्टॅनली सू आणि नोलन झेन यांनी १९८७ साली लिहिलं होतं की पहिल्याच भेटीत माणसाला काहीतरी हातात पडलं पाहिजे. त्याला त्यांनी 'भेट' असाच शब्द वापरला. झोपेचा एखादा साधा उपाय, तुमच्यासारखं अनेकांना होतं हा दिलासा, काहीही. रिकाम्या हाताने परत जाणारा माणूस पुन्हा येत नाही, हे त्या ५२ टक्क्यांनी शिकवलेलं होतं.

मग मुलगी इंग्रजीत म्हणते, "आई मला फक्त कंट्रोल करते." आई मँडारिनमध्ये म्हणते, "मी नाही तर हिला कोण 'ग्वान' करणार?" दुभाषा दोन्हीकडे 'कंट्रोल' हाच शब्द ठेवेल आणि भांडण पक्कं होईल. पण 'ग्वान' म्हणजे ताबा ठेवणंही आणि जीव लावणंही. रूथ चाओ या संशोधिकेने १९९४ साली दाखवलं की अमेरिकन मानसशास्त्राने ज्याला हुकूमशाही पालकत्व म्हणून टाकून दिलं, त्यात चिनी आईच्या लेखी माया आहे. मला इथे आपलं 'वळण लावणं' आठवलं. ज्याला कुणी वळण लावत नाही ते पोर वाऱ्यावर सोडलेलं, अशी आपलीही समजूत. समुपदेशिका हा शब्द टेबलावर ठेवते. आईला विचारते, तुझ्या आईने तुला कसं 'ग्वान' केलं? आणि इथे आजी पहिल्यांदा बोलतात.

याचा अर्थ आई बरोबर ठरली असा नाही. मुलीचा श्वास खरोखरच कोंडतोय. तिच्या अवस्थेलाही मँडारिनमध्ये शब्द आहे, 'वेइ-छ्यू'. आपलं काही चुकलं नसताना बोल लागणं, आणि ज्याच्याकडून ते झालं तो आपलाच असल्यामुळे ते गिळून गप्प बसावं लागणं, त्यातली जी कळ असते ती. मुलीला मँडारिन मोडकंतोडकं येतं, हा शब्द तिला येत नाही. समुपदेशिका तो तिला देते, आईच्या देखत. स्वतःच्या दुखण्याचं नाव आईच्याच भाषेत आहे हे पंधराव्या वर्षी कळणं, ही मला त्या सगळ्या तासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ सालीच इशारा दिला होता की मुलं इंग्रजी शिकताना घरची भाषा विसरली तर आईबाप आणि मुलं यांच्यात बोलायला भाषाच उरत नाही. परदेशातल्या आपल्या कितीतरी मराठी घरांत आज हेच चाललंय.

या समुपदेशिकेचं स्वतःचं ओझंही कमी नाही. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि ३,००० तासांचं देखरेखीखालचं काम लागतं. ते सगळं शिक्षण इंग्रजीत. बरेचदा तिची मँडारिन स्वयंपाकघरातली, शाळेतली, आजोळची. 'सीमा आखणं', 'स्वतःची काळजी घेणं' हे शब्द तिला इंग्रजीत येतात, मँडारिनमध्ये ते तिच्याच कानाला परके लागतात. वरिष्ठ मार्गदर्शकाला मँडारिन येत नसेल तर बैठकीत जे घडलं ते तिला इंग्रजीत सांगावं लागतं, आणि 'वेइ-छ्यू' तिथे दुसऱ्यांदा हरवतो. शेवटच्या बैठकीला आजी संत्र्यांची पिशवी घेऊन येतात. भेटवस्तू घेऊ नये, असं तिने शिकलेलं असतं. पण काही समाजांत छोटी भेट ही आदराची खूण असते, हे अमेरिकन समुपदेशकांच्या आचारसंहितेनेही मान्य केलं आहे. ती संत्री घेते, सोलते आणि सगळ्यांना फोडी देते.

भाषेची बाजू एवढी घेतल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. मातृभाषा दरवेळी सोपी नसते. ज्या भाषेत आईने रागावलं, त्या भाषेत काही गोष्टी उच्चारताच येत नाहीत. १९५० साली राल्फ ग्रीनसन या मनोविश्लेषकाने जर्मन भाषेत वाढलेल्या एका स्त्रीबद्दल लिहिलं. जर्मनमध्ये बोलताना ती स्वतःला घाबरट, मळकं पोर समजायची, इंग्रजीत मात्र सुसंस्कृत प्रौढ बाई असायची. बोस्टनमध्ये कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की-इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बोटांना यंत्रं लावून पाहिलं. लहानपणी ऐकलेलं रागावणं तुर्कीत कानावर पडलं की त्यांच्या त्वचेवरची प्रतिक्रिया इंग्रजीपेक्षा जास्त उसळायची. म्हणून एखादी मँडारिन बोलणारी तरुणी लग्नातल्या छळाबद्दल किंवा आपल्याला मुलगी आवडते याबद्दल इंग्रजीतच बोलते. ती जागा तिची स्वतःची असते, तिथे आईचा आवाज पोचत नाही. दोन्ही भाषा येणारा समुपदेशक तिला मँडारिनकडे ओढत नाही. ती कुठे इंग्रजीत जाते आणि कुठे परत येते, एवढं तो ऐकतो. ही सोय एकभाषी माणूस देऊच शकत नाही.

आणि 'चिनी' म्हणजे मँडारिन असंही नाही. जुनं चायनाटाउन कँटोनीज आणि थोइसानी बोलणारं. न्यूयॉर्कमध्ये पुढे फूचौ भागातून आलेली माणसं आपली बोली घेऊन आली. त्यांच्यातले कित्येक आईबाप रेस्टॉरंटमध्ये बारा-बारा तास राबायचे म्हणून तान्हं मूल चीनला आजी-आजोबांकडे पाठवत आणि शाळेच्या वयाला परत आणत. तैपेईच्या समुपदेशिकेसमोर बीजिंगचा माणूस बसला की दोघांच्या उच्चारातूनच १९४९चा सगळा इतिहास खोलीत येतो. स्टॅनली सू यांनी १९९८ साली एक कौशल्य सांगितलं होतं: समाजाबद्दलचं ज्ञान कधी लावायचं आणि कधी बाजूला ठेवून समोरच्या एका माणसाकडेच पाहायचं, हे ओळखणं. सगळ्या चिन्यांना 'मान जाण्याची भीती' हे लेबल चिकटवणारा समुपदेशक, कितीही अस्खलित मँडारिन बोलला तरी, ऐकत नसतो.

अशा समुपदेशकांचं मोल एका घटनेत दिसलं. २१ जानेवारी २०२३च्या रात्री, चांद्र नववर्षाच्या पूर्वसंध्येला, लॉस एंजेलिसजवळच्या माँटेरे पार्कमध्ये एका नृत्यशाळेत गोळीबार झाला. ११ माणसं गेली, सगळी उतारवयाकडे झुकलेली, आठवड्याला हौसेने नाचायला येणारी. मारणाराही ७२ वर्षांचा आशियाई पुरुष होता. त्यानंतरच्या दिवसांत शहराच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात मदतीची टेबलं लागली आणि मँडारिन, कँटोनीज बोलणाऱ्या समुपदेशकांना बोलावणं गेलं. पन्नास वर्षांपूर्वी कुणाला बोलावणार होते? त्या रात्रीतून वाचलेल्यांना निदान आपल्या भाषेत रडता आलं. कुणीतरी दशकानुदशकं खपून ते समुपदेशक तयार केले होते.

माझी आई कॅलिफोर्नियाहून दीड वर्षाने नाशिकला परत आली होती. मी तिला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेले, जरा जबरदस्तीनेच. बाईंनी क्लाइनमन वाचलेत की नाही, मला ठाऊक नाही. आई म्हणाली, छातीवर धोंडा आहे. त्यांनी तपासणीचा विषय काढला नाही. विचारलं, "काकू, हा धोंडा कुणी ठेवला असं वाटतं तुम्हाला?" आई बराच वेळ पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग वडिलांचं शेवटचं आजारपण, दवाखान्यात नेताना झालेला उशीर आणि त्यासाठी ती स्वतःला देत असलेला दोष, हे सगळं पहिल्यांदा बाहेर आलं. दहा वर्षांच्या नातवाच्या तोंडून विचारलेल्या प्रश्नाला ती हे कधीच सांगणार नव्हती, आणि त्याने ते ऐकावंही नाही.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि जे तिकडे जाऊन येऊन असतात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तिथल्या २०१०च्या आरोग्य कायद्याच्या कलम १५५७ खाली, सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्याने इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला दुभाषा मोफत द्यायचा असतो, आणि जीवघेणी तातडी सोडली तर लहान मुलाला दुभाषा म्हणून वापरायचं नसतं. तुमचा तो हक्क आहे, मागून घ्या. मराठी दुभाषा हवा, असं स्पष्ट सांगा. फोनवरचा चालेल, पण नातवंडांना त्या खुर्चीत बसवू नका. आणि इथे, आपल्याच घरात कुणी सारखं म्हणत असेल की जीव रमत नाही, छातीत कोंडतं, तर ईसीजी नक्की काढा, पण तिथेच थांबू नका. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक देशभर सुरू आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि त्यावर मराठीत बोलता येतं.